काळ्या मांजराचे पट्टे

नोव्हेंबर २०१९ मध्ये नागपूरच्या मिहान या उद्योग प्रकल्पाच्या परिसरात वाघ आला होता. आयटी कंपन्यांच्या आवारांना लागून असलेल्या झुडपी रानात तो दिसल्याची बातमी पसरली, वनखात्याने पाऊलखुणा तपासल्या, ठिकठिकाणी कॅमेरे लावले, आणि मिहानमध्ये बरेच दिवस दुसरा विषय नव्हता. कॅमेऱ्यात वाघ सापडला की वनखाते सर्वांत आधी त्याचे पट्टे पाहते. दोन वाघांचे पट्टे कधीही सारखे नसतात. एकाच वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टेसुद्धा जुळत नाहीत. म्हणून नोंद ठेवताना दोन्ही बाजूंचे फोटो लागतात, आणि कोणता वाघ कोणत्या जंगलातून निघाला हे त्यावरून सांगता येते.

त्याच मिहानमध्ये वाघाची एक दूरची नातलग बाराही महिने राहते. खापरीच्या चहाटपरीमागे, कॅन्टीनच्या मागच्या दाराशी, शिवणगावच्या जुन्या घरांच्या पडवीत ती दिसेल. करड्या अंगावर काळे पट्टे, कपाळावर इंग्रजी ‘एम’ अक्षरासारखी खूण, शेपटीला कडी. या भाटीच्या, म्हणजे मांजरीच्या, पट्ट्यांचे वाघाच्या पट्ट्यांशी असलेले नाते जनुकांपर्यंत पोचते. ते समजून घ्यायचे तर मात्र जिच्या अंगावर एकही पट्टा दिसत नाही अशा मांजरीपासून सुरुवात करणे मला जास्त सोयीचे वाटते. त्या जातीचे नाव बॉम्बे.

मांजरांच्या जातिवंत वंशांत महाराष्ट्राच्या राजधानीचे जुने नाव मिरवणारी ही जात जन्मली मात्र अमेरिकेत. केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहरात निकी हॉर्नर नावाच्या बाई मांजरांची पैदास करत. १९५० च्या दशकात त्यांच्या मनात आले की भारतातल्या काळ्या बिबट्याची छोटी प्रतिकृती वाटेल असे घरगुती मांजर तयार करावे. काळा बिबट्या म्हणजे भारत, आणि भारत म्हणजे बॉम्बे, असा त्या नावामागचा हिशेब. त्यांनी गडद तपकिरी बर्मीज आणि काळे अमेरिकन शॉर्टहेअर यांचा संकर केला. सुरुवातीची पिल्ले मनासारखी निघाली नाहीत. योग्य जोड्या निवडत पुढे जायला बरीच वर्षे गेली, आणि १९७६ मध्ये अमेरिकेच्या कॅट फॅन्सिअर्स असोसिएशनने या जातीला स्पर्धेत पूर्ण मान्यता दिली.

पर्शियन मांजरांचे प्रदर्शन पाहिले असेल तर तुम्हाला रंगांची यादी संपता संपत नाही हे माहीत असेल. याच संस्थेत पर्शियनचे रंगानुसार सात गट आहेत: एकरंगी, रुपेरी-सोनेरी, धुरकट छटांचे, पट्टेरी, मिश्र रंगांचे, पांढऱ्यासह दुरंगी-तिरंगी आणि हिमालयन. प्रत्येक गटात पुन्हा उपप्रकार. बॉम्बेच्या नियमांत एकच रंग आहे, काळा. केसाच्या टोकापासून मुळापर्यंत काळा, नाकाचा शेंडा काळा, पंजाच्या गाद्या काळ्या, डोळे सोनेरी ते तांब्याच्या रंगाचे. छातीवर पांढरा ठिपका निघाला तर मांजर स्पर्धेतून बाद. केस आखूड, अंगाला चिकटून बसणारे आणि पॉलिश केलेल्या चामड्यासारखे चकचकीत हवेत. एवढा कडक नियम असलेल्या जातीत रंगाविषयी लिहिण्यासारखे काय असणार, असे वाटेल. माझे मत नेमके उलट आहे. मांजराच्या अंगावरचा रंग कसा घडतो हे काळ्या मांजराइतके स्वच्छ दुसरे कोणतेही मांजर दाखवत नाही.

बॉम्बेचे किंवा आपल्या गल्लीतले कोणतेही काळे पिल्लू दोनेक महिन्यांचे असताना सकाळच्या तिरप्या उन्हात आडवे धरून पाहा. कुशीवर, मांड्यांवर आणि शेपटीवर पट्टे दिसतात. पुसट, काळ्यावर काळे, पण चांगले मोजता येतील असे. पिल्लू मोठे होते तसे ते मिटत जातात. काही मांजरांत मात्र मोठेपणीही कडक उन्हात दिसतात. कापडाच्या विणीतच नक्षी असली आणि वरून सगळ्याला एकच काळा रंग दिला, तर कापड हलवताना ती नक्षी चमकून जाते, तसेच हे आहे. नक्षी आणि रंग या मांजराच्या अंगावर दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची जनुके वेगळी आणि त्यांची वेळही वेगळी.

आधी नक्षी ठरते, तीही रंगाचा कण नसताना. मांजराचा गर्भ जेमतेम चार आठवड्यांचा असतो, केसांची मुळेसुद्धा तयार झालेली नसतात, तेव्हा त्याच्या कातडीवर कुठे जाड आणि कुठे पातळ असे पट्टे पडू लागतात. जनुकशास्त्रज्ञ ग्रेगरी बार्श, ख्रिस्तोफर केलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये हे दाखवून दिले. जिथे कातडी जाड होणार तिथे ‘डीकेके-४’ नावाचे जनुक आधीच जागे झालेले असते. हे जनुक ज्या प्रथिनाची कृती सांगते ते कातडीत पसरून शेजारच्या पेशींना आवर घालते. चालना देणारे एक द्रव्य जवळच्या जवळ काम करते, आवर घालणारे दुसरे दूरवर पसरते. एवढ्या दोन गोष्टींतून एकसारख्या कातडीवर आपोआप पट्टे किंवा ठिपके उमटू शकतात, हे ब्रिटिश गणिती अॅलन ट्युरिंग यांनी १९५२ मध्येच कागदावर मांडून ठेवले होते. संगणकाच्या जनकांपैकी एक असलेल्या या माणसाचे गणित मांजराच्या गर्भात खरे ठरावे, याचा मला आजही आनंद वाटतो.

नक्षीचा प्रकार ठरवणारे दुसरे जनुक आहे ‘टॅकपेप’. ते धड असेल तर मांजराच्या कुशीवर उभे, अरुंद पट्टे येतात. त्यात विशिष्ट बिघाड झाला आणि तो आई-बाप दोघांकडून आला, तर पट्टे रुंद होऊन भोवऱ्यासारखे गरगरतात. जुन्या सांगाड्यांतल्या डीएनएवरून असे दिसते की भोवऱ्याची ही नक्षी चौदाव्या शतकाच्या सुमारास ऑटोमन साम्राज्याच्या मुलखात प्रथम आढळते आणि अठराव्या शतकापासून युरोपात बोकाळते. त्याआधीची सगळी मांजरे सरळ पट्ट्यांचीच. आपल्याकडच्या गल्लीबोळांत अजूनही सरळ पट्टे आणि त्यांचे तुटून झालेले ठिपकेच जास्त दिसतात.

याच टॅकपेपने मोठ्या मार्जारांतही खेळ केले आहेत. आफ्रिकेतला ‘राजचित्ता’ म्हणजे ठिपक्यांऐवजी रुंद डाग आणि पाठीवर पट्टे असलेला चित्ता. १९२७ मध्ये त्याला चक्क वेगळी प्राणिजात मानले गेले होते. २०१२ मध्ये कळले की तो साधाच चित्ता आहे, त्याचे टॅकपेप तेवढे बिघडलेले आहे. पुढे २०२१ मध्ये बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातल्या उमा रामकृष्णन आणि त्यांच्या गटाने ओडिशातल्या सिमिलीपालच्या ‘काळ्या वाघां’चे कोडे सोडवले. हे वाघ काळे दिसतात, कारण त्यांचे पट्टे पसरून एकमेकांत मिसळले आहेत. कारण पुन्हा टॅकपेपमधलाच एक बदल. इतर वाघांपासून तुटलेल्या, लहान समूहात आपसांतच प्रजनन झाल्याने तो तिथे वाढला. मिहानमध्ये आलेल्या वाघाचे सुटसुटीत पट्टे आणि खापरीच्या भाटीचे सरळ पट्टे, दोन्हींच्या मागे हे जनुक धड असणे आहे.

रंगाचे काम यानंतर सुरू होते. पट्टेरी मांजराच्या दोन पट्ट्यांमधल्या करड्या जागेतला एकच केस काढून पांढऱ्या कागदावर ठेवा. भिंगातून पाहिलात तर त्या एका केसावर आळीपाळीने गडद आणि पिवळसर वळी दिसतील. केस वाढत असताना मुळाशी असलेली रंगपेशी थोडा वेळ काळे रंगद्रव्य घालते, मग थोडा वेळ पिवळे, मग पुन्हा काळे. हा बदल घडवून आणणारे प्रथिन ‘अगूटी’. ते हजर असले की पिवळे, नसले की काळे. पट्ट्याच्या जागी मात्र केस जवळजवळ पूर्ण काळाच राहतो. लांबून पाहिले की वळ्यांचे केस करडे दिसतात आणि पूर्ण काळे केस पट्टा म्हणून उठून दिसतात.

आता अगूटी कामातूनच गेले तर काय होईल? पट्ट्यांमधल्या केसांवरची पिवळी वळी नाहीशी होतील. सगळे केस पूर्ण काळे होतील आणि पट्टा वेगळा दिसायला करडी पार्श्वभूमीच उरणार नाही. काळे मांजर म्हणजे हेच. एदुआर्दो आयझिरिक आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये त्यामागचा बदल शोधून काढला: अगूटीच्या जनुकातली डीएनएची अवघी दोन अक्षरे गळलेली. बॉम्बेच्या अंगात हीच गळती आहे, आणि नागपुरातल्या काळ्या बोक्याच्या अंगातही. केंटकीत वर्षानुवर्षे निगुतीने घडवलेला तो काळा रंग मुळात जगभरच्या रस्त्यावरच्या काळ्या मांजरांचाच आहे. हॉर्नरबाईंनी घडवली ती केसांची चमक, अंगाची गोलाई आणि डोळ्यांचा तांबूसपणा.

हा बदल सुप्त असतो. आई-बाप दोघांकडून एकेक प्रत आली तरच पिल्लू काळे होते. म्हणून दोन पट्टेरी मांजरांच्या पोटी अचानक काळे पिल्लू निघते आणि घरातली मंडळी शेजारच्या काळ्या बोक्यावर आळ घेतात. दोघेही पट्टेरी असले आणि दोघांकडेही एकेक लपलेली प्रत असली, तर दर चार पिल्लांमागे सरासरी एक काळे होणारच.

ज्याच्यावरून बॉम्बेची कल्पना सुचली त्या काळ्या बिबट्याचे काय? तिथेही अगूटीचेच जनुक बिघडलेले आहे आणि बदल तिथेही सुप्तच आहे, पण तो वेगळ्या जागी, स्वतंत्रपणे झालेला. २०१२ मध्ये तो सापडला. जग्वारचा काळेपणा आणखी तिसऱ्या वाटेने येतो, आणि तो प्रभावी असतो, म्हणजे एकच प्रत पुरते. बिबट्याच्या काळ्या अंगावरही गुलाबाकृती ठिपके शाबूत असतात. मलेशियात तर बहुतेक बिबटे काळे असल्याने ते एकमेकांपासून ओळखता येत नव्हते. तेव्हा संशोधकांनी कॅमेऱ्यांत फेरफार करून रात्रीचे फोटो अवरक्त उजेडात घेतले. काळ्या अंगावरचे ठिपके त्यांत स्पष्ट उठले. विदर्भाच्या कोरड्या, उघड्या जंगलात मात्र काळा बिबट्या क्वचितच दिसतो. २०१८ मध्ये ताडोब्यात एकाचे फोटो मिळाले तेव्हा त्याची देशभर चर्चा झाली. दाट, ओल्या अरण्यात काळा रंग लपायला उपयोगी पडतो, असे संशोधकांचे म्हणणे आहे, आणि जगातल्या काळ्या बिबट्यांची वाटणी पाहिली तर ते पटते.

म्हणजे नक्षीच्या दृष्टीने काळे होण्याचे दोन रस्ते झाले. सिमिलीपालच्या वाघाची नक्षीच पसरली. बिबट्याची आणि मांजराची नक्षी जागच्या जागी राहिली, पार्श्वभूमी तेवढी काळी झाली. हा फरक एकदा लक्षात आला की मांजरांच्या रंगांची ती लांबलचक यादी भराभर उलगडते. निळे म्हणतात ते राखी मांजर काळेच असते, रंगद्रव्याचे कण केसात नीट न पसरता गोळा झाल्याने ते फिके दिसते. पांढरे मांजर कोणत्याही रंगाचे असू शकते, रंगपेशीच कातडीपर्यंत न पोचल्याने आतला रंग कळत नाही.

पिवळ्या बोक्याची गोष्ट थोडी निराळी आहे. त्याच्या केसात काळे रंगद्रव्य बनतच नाही, त्यामुळे अगूटी शाबूत असो वा बिघडलेले, पट्टे झाकलेच जात नाहीत. एकरंगी, बिनपट्ट्याचे पिवळे मांजर तुम्हाला जवळजवळ सापडणारच नाही. हा पिवळा रंग एक्स गुणसूत्रावर बसतो. ते जनुक कोणते, हे कोडे शंभर वर्षे सुटले नव्हते. जपान आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे ते शोधले आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध केले: ‘एआरएचगॅप-३६’ या जनुकाच्या परिसरातला सुमारे पाच हजार अक्षरांचा तुकडा पिवळ्या मांजरांत गायब असतो. बोक्याकडे एकच एक्स, म्हणून तो एक तर पिवळा किंवा काळा. भाटीकडे दोन. तिच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स बंद होतो, हे तत्त्व मेरी लायन यांनी १९६१ मध्ये मांडले. काही ठिकाणी पिवळ्याचा एक्स चालू राहतो, काही ठिकाणी काळ्याचा, आणि भाटी काळी-पिवळी होते. त्यात पांढरे डाग आले की तिरंगी. तिरंगी मांजर दिसले की ती भाटीच आहे असे बेलाशक समजावे. तिरंगी बोका फार दुर्मीळ असतो, आणि त्याच्याकडे बहुधा एक जादा एक्स असतो.

बॉम्बेच्या घरात एक गोष्ट मात्र पैदास करणाऱ्यांना अधूनमधून चकवते. काळ्या आई-बापांच्या पोटी तपकिरी पिल्लू निघते. हा बर्मीजचा वारसा. १९३० मध्ये रंगूनहून सॅन फ्रान्सिस्कोला नेलेली वाँग माऊ नावाची तपकिरी भाटी ही अमेरिकेतल्या बर्मीजची मूळ माता. तिच्या वंशात टायरोसिनेज या विकराच्या जनुकात एक बदल आहे. टायरोसीन या अमिनो आम्लापासून काळे रंगद्रव्य बनवण्याचे काम हा विकर करतो. बदललेला विकर उष्णतेत नीट काम करत नाही, त्यामुळे अंग तपकिरी राहते आणि कान, पाय, शेपटी या थंड भागांत रंग गडद होतो. सयामी मांजरात याच जनुकातला दुसरा बदल हेच काम अधिक टोकाने करतो. बॉम्बेतल्या दोन काळ्या मांजरांकडे ही प्रत लपलेली असली की चारात एक पिल्लू बर्मीजच्या रंगाचे होते.

चांगला काळा रंग टिकवणेही सोपे नाही. कडक उन्हात काळे रंगद्रव्य फिकटते आणि केसांवर तांबूस झाक येते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा गच्चीवर लोळणाऱ्या काळ्या मांजराची पाठ तपासून पाहा. खाण्यात टायरोसीन आणि ते ज्यापासून बनते ते फेनिलअॅलॅनिन कमी पडले तरी काळे केस तांबडे होतात, हे प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. लक्षात घेण्यासारखे असे की पिल्लाची वाढ व्यवस्थित होण्यापुरती ही आम्ले मिळाली, तरी केस पूर्ण काळे राहायला ती पुरत नाहीत. त्याला जास्त लागतात. दूध-पोळीवर वाढवलेल्या काळ्या मांजराचा रंग उतरलेला दिसला तर त्याला मांस, मासे, अंडी द्या, आणि पशुवैद्याला एकदा दाखवा.

परदेशी जातींच्या रंगात भारताचा हात आहे याचे आणखी एक उदाहरण सांगितल्यावाचून राहवत नाही. बेंगाल ही ठिपकेदार जात जीन मिल या अमेरिकन बाईंनी आशियाई बिबटमांजर आणि घरगुती मांजर यांच्या संकरातून उभी केली. १९८२ मध्ये त्यांना दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात गेंड्याच्या कुंपणात राहणारे एक भटके, ठिपकेदार बोक्याचे पिल्लू दिसले. त्याच्या केसांना सोन्यासारखी झळाळी होती. त्यांनी ते अमेरिकेला नेले आणि नाव ठेवले ‘टोरी ऑफ दिल्ली’. आज बेंगालच्या अंगावर जी चमक दिसते ती बरीचशी त्या भटक्या बोक्याची देणगी आहे. २०२४ च्या एका जनुकीय अभ्यासात असेही दिसले की आजच्या बेंगालमध्ये रानटी बिबटमांजराचा वाटा सरासरी चार टक्क्यांहून कमी उरला आहे. ज्या देखणेपणासाठी लोक ही जात घेतात तो बहुतांशी घरगुती मांजरांमध्येच असलेल्या जनुकांमधून निवडून काढलेला आहे.

हे समजल्यावर रंगासाठी पिल्लू विकत घेणाऱ्याने काय करावे, याविषयी माझे मत पक्के आहे. रंग हा जातीचा पुरावा नाही. अंग काळे आणि डोळे पिवळे म्हणून मांजर बॉम्बे होत नाही, अंगावर ठिपके आहेत म्हणून बेंगाल होत नाही. जात ठरते ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदीने. ‘दुर्मीळ रंग’ म्हणून कुणी जादा पैसे मागितले तर आधी नोंदणीकृत वंशावळ मागा, आई-बाप दाखवायला सांगा, आणि तीन महिन्यांच्या आत आईपासून तोडलेले पिल्लू घेऊ नका. ठिपकेदार पिल्लू ‘जंगली जातीचे’ म्हणून कुणी देऊ करत असेल तर तिथून सरळ वनखात्याला फोन करा. आपल्या शिवारात वाघाटी या ठिपकेदार रानमांजराची पिल्ले सापडतात, ती वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत आणि ती घरात पाळणे गुन्हा आहे.

आणि काळा रंगच आवडत असेल तर बॉम्बे शोधत बसायची गरज नाही. आडवे गेले म्हणून आपल्याकडे अजून काळ्या मांजरावर दगड उचलले जातात, आणि पिल्ले वाटताना काळे पिल्लू शेवटपर्यंत उरते. नागपुरात असा किंवा इतरत्र, पुढच्या वेळी पिल्लू घरी आणाल तेव्हा पहिली चौकशी त्या उरलेल्या काळ्या पिल्लाची करा.